देवळ्यातील एक वसुबारस

नाशिकहून देवळ्याला जायचे म्हणजे आग्रा रोडने पिंपळगाव बसवंत मागे टाकायचे, चांदवडच्या अलीकडे सोग्रस फाट्याला डावीकडे वळायचे आणि भावडबारीचा घाट ओलांडायचा. बारी म्हणजे खिंड. घाट तसा लहानच, पण त्याच्या पलीकडे उतरले की हवा बदलते, बोली बदलते, आणि ऑक्टोबर असेल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याशिवाय दुसरे काही दिसत नाही. चाळीतला उन्हाळी कांदा संपत आलेला असतो, रानात लाल कांदा फुगत असतो, आणि वाफ्यांतून पुढच्या कांद्याचे रोप हिरवे होत असते. १९९९ साली देवळा स्वतंत्र तालुक्याचे गाव झाले. त्याआधी ते कळवण तालुक्यात मोडत असे. माझ्या लहानपणी मात्र ते कुठल्याच तालुक्यात नव्हते; ते नुसते माझे आजोळ होते.

गेल्या दिवाळीत मी पुष्कळ वर्षांनी तिथे गेलो. कारण आनंदाचे नव्हते. ज्येष्ठात मामा वारले होते, आणि त्या घरची ही पहिली दिवाळी. अशा घरी पहिल्या वर्षी कढई चढत नाही. फराळ नातलगांनी न्यायचा असतो. म्हणून मी, आमची मंडळी आणि माझी धाकटी पुतणी असे तिघेजण चकल्या, चिवडा आणि अनारशांचे डबे मांडीवर घेऊन पुण्याहून निघालो. नाशिकला एस. टी. बदलली आणि सटाण्याच्या गाडीत बसलो. चकल्यांचा चुरा किती झाला याचा हिशेब आमच्या मंडळींनी थेट देवळ्याच्या स्टँडवर मांडला.

पुतणीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत मासे सांभाळते. 'मासे सांभाळते' हे आमच्या घरातले भाषांतर झाले. प्रत्यक्षात ती शास्त्राची पदवीधर आहे आणि माशांच्या पिढ्यांची नोंद ठेवणे, त्यांची पैदास करणे हे तिचे काम. पण तिच्या आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांची अशी समजूत आहे, की ती काचेच्या हंडीतले शोभेचे मासे विकते. लग्नाच्या बोलण्यात या समजुतीने एकदा बराच घोळ घातला होता. असो.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी वसुबारस होती. अश्विन वद्य द्वादशी. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, आणि बायकांनी त्या दिवशी गहू-मूग खायचे नाहीत, दूधदुभते घ्यायचे नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मामी ओसरीवर बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलास बाबा. तुझे मामा असते तर स्टँडवर आले असते." मग डोळे पुसून लगेच चौकशी केली, ती पुतणीच्या नोकरीची नव्हे, तर ती इतकी वाळली कशाने याची.

घराला या वर्षी आणखी एक उणीव होती. पूजेला वासरू नव्हते. मामांची एक तांबडी गावठी गाय आहे. तिची आई याच गोठ्यात वाढली, तिच्या आईची आईही इथलीच. मामांच्या आईने लग्नात माहेराहून आणलेल्या गायीची ही वंशावळ असे मामा सांगत. ही तांबडी उन्हाळ्यात दोनदा भरवली आणि दोन्ही वेळा उलटली. आमच्या मामेभावाने, ज्याला सारे गाव दादा म्हणते, मनाशी ठरवले होते की या वेळी राहिली तर ठीक, नाही तर बाजार दाखवायचा. चारा काही फुकट येत नाही, आणि दादावर ट्रॅक्टरचे कर्ज आहे. मामींना हे ठाऊक होते. त्या बोलत नव्हत्या, एवढेच.

आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी तांबडी माजावर आली.

सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायची, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. दादाने फोन केला, आणि दिवे लागायच्या वेळेला, म्हणजे मामी शेजारच्यांची गाय आणि तिचे वासरू अंगणात उभे करून कुंकू लावत असताना, डॉक्टर फटफटीवरून आले. गावात गुरांना औषध देणाऱ्या कोणालाही डॉक्टर म्हणतात. हे गृहस्थ कृत्रिम रेतनाचे काम करणारे होते. फटफटीच्या मागे दुधाच्या बरणीसारखे एक ॲल्युमिनियमचे भांडे दोरीने आवळलेले होते. त्यांनी ते उतरवले, बूच काढले, आणि आतून पांढरी वाफ निघून अंगणात जमिनीसरशी पसरली. एका बाजूला निरांजन, एका बाजूला ती वाफ. आमच्या मंडळींनी पदर नाकाला लावला. माझी पुतणी मात्र दोन ढांगांत तिथे पोहोचली.

"काका, हे बघा, आमच्याकडचंच भांडं!" ती मला म्हणाली.

मी शहरातला मनुष्य. वडीलधाऱ्यांसमोर हा विषय निघाला तेव्हा मला कुठे पाहावे ते कळेना. मी अनारशांच्या डब्याकडे पाहू लागलो. पण शेतकऱ्याच्या घरात यात लाजण्यासारखे काही नसते. मामी हातातले तबक खाली ठेवून पाहत होत्या, शेजारच्या सुना पाहत होत्या, आणि डॉक्टरांना आपल्या कामात रस घेणारी शिकलेली मुलगी बहुधा प्रथमच भेटली असावी, कारण त्यांनी तिला सारे दाखवायचे ठरवले.

आधी त्यांनी एक लांब पट्टी भांड्यात बुडवून बाहेर काढली. पट्टीच्या खालच्या भागावर हिमाचा पांढरा थर धरला. तो जिथपर्यंत धरला तिथपर्यंत आत द्रव नत्र शिल्लक. हा द्रव शून्याखाली १९६ अंशांवर उकळतो, आणि उत्तम भांड्यातूनही रोज थोडा थोडा उडून जातो. म्हणून वेळच्या वेळी भर घालावी लागते, नाही तर आतले सारे फुकट. मग त्यांनी चिमट्याने एक बारीक कांडी उचलली. सरबत प्यायच्या नळीपेक्षाही बारीक, आत पाव मिलिलिटर माल. कोमट पाण्यात ती अर्धा मिनिट धरली आणि मग रुमालाने अगदी निगुतीने कोरडी केली.

"कोरडी का करतात ठाऊक आहे?" पुतणीने मला विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. "पाण्याचा थेंब आत गेला तर हे जीव मरतात. आमच्या माशांचं उलटं. माशाचा जीव पाणी लागेपर्यंत झोपलेला असतो. पाणी लागलं की जागा होतो, जीव तोडून पोहतो, आणि मिनिटभरात सगळं संपतं. म्हणून आम्हीही मासा आधी टिपकागदानं कोरडा करतो."

डॉक्टरांनी चमकून वर पाहिले. "माशांचंही गोठवतात?"

"गोठवतात ना. माझं तेच काम आहे."

अशा रीतीने, पुतणीची नोकरी नक्की काय आहे ते आम्हा घरच्यांना प्रथम कळले ते देवळ्याच्या गोठ्यात.

दोन मिनिटांत डॉक्टरांचे काम झाले. वळू गीर जातीचा आहे, एवढे त्यांनी वहीत लिहिले. मामींनी विचारले, "कुठं असतो तो?" डॉक्टर म्हणाले, "आजी, तो वळू आता नाही. मागंच मेला. त्याच्या कांड्या राहिल्यात."

मामी काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाप मेल्यावर लेकरू." आणि तबक उचलून आत गेल्या. वैधव्याचे सहा महिनेही न झालेल्या बाईच्या तोंडून ते वाक्य ऐकून डॉक्टर बिचारे ओशाळले. फराळाचा आग्रह झाला तरी चहासुद्धा न घेता गेले.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर गप्पा बसल्या. मामींनीच विषय काढला. "पोरी, ते मेलेल्याचं किती दिवस टिकतं?"

पुतणी म्हणाली, "आजी, द्रव नत्र वेळेवर भरत राहिलं तर किती वर्षं, ते मोजायचं कारणच पडत नाही. ऑस्ट्रेलियात १९६८ साली मेंढ्यांचं गोठवून ठेवलं होतं. सिडनीच्या विद्यापीठातल्या लोकांनी ते पन्नास वर्षांनी काढून वापरलं. २०१९ साली त्यांनी जाहीर केलं, की मेंढ्या गाभण राहिल्या, कोकरं झाली." दादा म्हणाला, "आणि आपली ताज्या कांडीवर दोनदा उलटते." यावर सारे हसले. मामीही हसल्या.

हा शोध लागला त्याची हकीकत मला फार आवडली, म्हणून इथे देतो. लंडनजवळ मिल हिल येथील प्रयोगशाळेत ख्रिस पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स ही मंडळी कोंबड्याचे रेत साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होती. गोठवले की ते मरे. एकदा शीतगृहात ठेवलेली जुनी बाटली काढून प्रयोग केला, आणि काय नवल, वितळल्यावर जीव वळवळू लागले! पुन्हा ताजे साखरेचे द्रावण केले, तर पुन्हा अपयश. शेवटी त्या बाटलीत उरलेले थेंबभर द्रावण तपासायला दिले, तेव्हा कळले की आत साखर नव्हतीच. चिठ्ठी चुकीची होती. आत होते अंड्याचा बलक काढून उरलेले पांढरे आणि ग्लिसरीन. ते ग्लिसरीनच बर्फाच्या सुयांपासून जिवाला वाचवत होते. ही गोष्ट १९४९ सालची. माझ्या कचेरीत फाइलीवर चुकीची चिठ्ठी लागली की खुलासा मागवतात. तिथे त्यातून सारे शास्त्र उभे राहिले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९५३ साली, स्कॉटलंडमध्ये ब्लॅक्स्टर या शास्त्रज्ञाने तीच युक्ती हेरिंग माशावर केली. त्याची अडचण मोठी गमतीची होती. हेरिंगचा एक जथा वसंतात अंडी घालतो, दुसरा शरदात. दोघांची गाठ पडणेच शक्य नाही. त्याने एका ऋतूतल्या नराचे रेत गोठवून दुसऱ्या ऋतूतल्या मादीच्या अंड्यांसाठी राखून ठेवले, आणि अंडी फळली. आपल्याकडे हीच विद्या मुख्यतः गायी-म्हशींपर्यंत येऊन पोहोचली. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला जी संस्था काढली, तिने ती गोठ्यागोठ्यात नेली. सरकारी दवाखान्यांनीही नेली. म्हणूनच देवळ्यातल्या शेतकऱ्याला ते भांडे पाहून काही वाटत नाही, आणि पुण्यातल्या मला वाटते.

पुतणीचा मासा मात्र हेरिंगसारखा खाण्याचा नाही. तो बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर पट्टे असलेला. झेब्रा मासा म्हणतात. मूळचा आपल्याच देशाचा. गंगेच्या खोऱ्यातील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली जे पुस्तक लिहिले त्यात त्याची पहिली नोंद आहे. पुढे तो हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांतून जगभर गेला, आणि अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नांदवले. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ सालचा. या माशाचे अंडे काचेसारखे आरपार दिसते. आई-बापाच्या देहाबाहेर, बशीत, ते वाढते. दिवसभरात त्यात हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर. माणसाच्या दर दहा जनुकांपैकी सातांना या माशात काही ना काही जोड सापडते, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. मग हृदयाचे, डोळ्याचे, रक्ताचे दोष कसे उपजतात ते या माशात पाहता येते. तशा एकेका दोषाचे वेगळे कुळ सांभाळायचे. एक कुळ म्हणजे एक टाकी, आणि कुळे शेकडो. इतक्या टाक्या ठेवायच्या कुठे? म्हणून नराचे रेत गोठवायचे आणि टाकी रिकामी करायची.

"पण इतक्याशा माशाचं काढता कसं?" दादाने विचारले. त्याला कारागिरीचा प्रश्न पडला होता.

तिने सांगितले. नराला गुंगीच्या पाण्यात सोडतात. तो निपचित झाला की ओल्या स्पंजाला चीर पाडून त्यात उताणा ठेवतात, पोट टिपून कोरडे करतात आणि अलगद दाबतात. केसासारख्या काचनळीत जेमतेम एक-दोन मायक्रोलिटर येते. सुईच्या टोकावरचा थेंब म्हणा. मासा पुन्हा पाण्यात सोडला की पोहू लागतो. त्या थेंबात मग द्रावण मिसळायचे: थोडी वेगळ्या जातीची साखर, मिथेनॉल आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी. १९८२ साली या माशाचे रेत गोठवल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून दुधाची भुकटी त्यात आहेच. नळ्या सुक्या बर्फात वीसेक मिनिटे, मग द्रव नत्रात. काढताना कोमट पाण्यात आठ-दहा सेकंद, की लगेच मादीच्या अंड्यांवर, आणि वरून पाणी.

"दुधाची भुकटी!" मामी म्हणाल्या. "आणि आज आम्ही दुधाला शिवलो नाही."

"आजी, मासे काही वसुबारस पाळत नाहीत."

मग ती जरा थांबून म्हणाली, की दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होती. तिथे एका रात्री वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही, हवेचे पंप बंद पडले, आणि पहाटे पाहतो तो टाक्या पांढऱ्या झालेल्या. तिच्या वरिष्ठ बाईंनी तीन वर्षे सांभाळलेले एक कुळ त्यात सरले. बाई खुर्चीत बसून राहिल्या. सुदैवाने त्या कुळातल्या नरांच्या सहा नळ्या महिन्याभरापूर्वीच हिने गोठवल्या होत्या. तेही उमेदवारीच्या काळात हात बसावा म्हणून. पहिल्या नळीतून काही निघाले नाही. दुसरीही वाया गेली. तिसऱ्या नळीला अठ्ठावीस अंडी फळली. "अठ्ठावीस," ती पुन्हा म्हणाली. मला एकदम जाणवले, की ही मुलगी दोन वर्षे आमच्या घरात येते-जाते आहे, आणि आम्ही तिला विचारत आलो ते एवढेच, की मासे चावतात का.

दुसऱ्या दिवशी दादा आम्हाला लोहोणेरला घेऊन गेला. देवळ्याची कोलती ही लहानशी नदी. खरी नदी गिरणा, आणि ती पाहायची तर लोहोणेरला. पलीकडच्या तीरावर ठेंगोडा. पावसाळा नुकता सरलेला, पात्रात पाणी होते. लहानपणी मामा मला इथेच आणत. आम्ही पोरे पंचाचे दोन कोपरे तू धर, दोन मी धरतो, असे करून काठच्या उथळ पाण्यात मासोळ्या धरत असू आणि पुन्हा सोडून देत असू, कारण मामींच्या चुलीवर त्यांना प्रवेश नव्हता. मी बूट काढून पुन्हा तसे करून पाहिले. दादाने दुसरी बाजू धरली. पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ पाण्यात वाकलेले पाहून पुलावरून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला.

चार-पाच मासोळ्या आल्या. पुतणीने ओंजळीत घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, "हे माझे नव्हेत, पण लांबचे भाऊबंद." मग सोडून दिल्या.

दादा काठावर पाय पुसत म्हणाला, "आता दिसतात. चैत्रात ये. वर चणकापूरला धरण, पुनदला धरण. आवर्तन सुटलं तर पाणी, नाही तर नुसती वाळू. मोठा मासा तर मी कधीचा पाहिला नाही. तुझ्या भांड्यात या नदीचे मासे ठेवता येतील का गं?"

तिने लगेच उत्तर दिले नाही. मग सांगितले, की काही माशांचे काम झाले आहे. लखनौला माशांच्या वाणांसाठी सरकारी केंद्र आहे, तिथे कितीतरी जातींचे रेत गोठवण्याच्या रीती बसवल्या आहेत. दख्खनच्या महाशीर माशाचे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या लोकांनी केले. २००४ साली त्यावर निबंध आला. लोणावळ्याला टाटांच्या तळ्यापाशी महाशीरची पैदास १९७०च्या दशकापासून चालू झाली. "पण काका," ती दादाला म्हणाली, "हे सारं नराचं. अंडं गोठवता येत नाही."

"का?"

"अंडं मोठं. आत बलक, भोवती कवच. गोठवण्याआधी जे औषध आत जायला हवं ते सगळीकडे सारखं पोचत नाही, आणि वितळताना बर्फाच्या सुया आतून फाडतात. अमेरिकेत २०१७ साली झेब्रा माशाच्या भ्रूणात सोन्याचे अतिसूक्ष्म कण घालून लेसरच्या झोतानं क्षणात वितळवलं, तेव्हा दहातला एखादा जगला. पुढे त्यात सुधारणा झाली, पण रोजच्या कामाची रीत ती अजून नाही. म्हणून नर भांड्यात ठेवता येतो. मादी जिवंतच लागते, आणि ती पाण्यातच लागते."

दादाने नदीकडे पाहिले. "म्हणजे चैत्रातलं पाणी काही सुटत नाही," तो म्हणाला, आणि चपला घालून गाडीकडे चालू लागला. वाटेत तो आवर्तनाच्या तारखांबद्दल बोलत होता. कांद्याला पाणी हवे तेव्हा ते मिळत नाही, याबद्दल बोलत होता. मी मध्येच माशांचे नाव काढले तेव्हा म्हणाला, "बाबा, तू पुण्याला राहतोस." हे खरे होते. त्याच्या कांद्याला लागणारे पाणी आणि मासोळ्यांना लागणारे पाणी एकाच धरणातले, आणि कर्ज त्याच्या डोक्यावर. मी गप्प बसलो.

भाऊबीज करून आम्ही परतलो. निघताना मामींनी पुतणीच्या पिशवीत बाजरीचे पीठ भरले आणि माझ्या हातात मामांचा जुना पंचा दिला. दादाने तांबडीबद्दल अवाक्षर काढले नाही. तीन महिने गेले. मकरसंक्रांतीनंतर त्याचा फोन आला, तोही मला नव्हे, पुतणीला: डॉक्टरांनी हात घालून पाहिले, गाभण आहे. पुतणी ऑफिसात होती. तिच्या सांगण्याप्रमाणे टाक्यांच्या खोलीतच ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की वरिष्ठ बाई धावत आल्या.

पावसाळ्यात तांबडी व्याली. गोऱ्हा झाला. दादा थोडा खट्टू झाला. त्याला कालवड हवी होती, आणि मामांच्या आईच्या गायीचा वंशही कालवडीनेच पुढे जायचा. ट्रॅक्टरच्या जमान्यात गोऱ्ह्याला कोण विचारतो, असे तो फोनवर म्हणाला. तेवढ्यात मामींनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"तू त्याचं ऐकू नको. वसुबारसेला वासरू आहे. आता शेजारच्यांचं मागायचं काम नाही." आणि मग पुढे, "त्या पोरीला विचार, तिच्या त्या अठ्ठावीसांचं पुढं काय झालं. त्या दिवशी विचारायचं राहिलं."

मी विचारले. अठ्ठावीसांपैकी एकोणीस मोठे झाले, त्यांतल्या निम्म्याशिम्म्यांत तो दोष उतरला, आणि त्यांची नातवंडे आता चार टाक्यांत आहेत. मामींना तसे कळवले. यंदा फराळ देवळ्याहून इकडे यायचा आहे.